परदेशी शिक्षण : मिळकत झाकू नका, गरज मांडा



आपल्या संस्थेतर्फे दरवर्षी दहावी-बारावीच्या गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो. पुष्पगुच्छ, प्रमाणपत्र, टाळ्या हे सगळे झाल्यावर त्यांतील एखादा मुलगा किंवा मुलगी बाजूला येऊन हळूच विचारते, "काका, बाहेरच्या देशात शिकायला जाता येईल का?" आई-वडील मागे उभे असतात. त्यांचा प्रश्न वेगळा असतो : "खर्च किती येईल?" आकडा ऐकला की विषय तेथेच संपतो. तो तेथे संपू नये, यासाठी हा लेख लिहीत आहे.

लेख लिहिण्याचे दुसरेही एक कारण आहे, ते आधी सांगतो. आमच्या वसाहतीतील एक मुलगा गणितात विलक्षण हुशार. वडील कारखान्यात फिटर, आई अंगणवाडी सेविका. बारावीच्या वर्षी त्याने अमेरिकेतील काही महाविद्यालयांकडे अर्ज करायचे ठरवले. शहरातल्या एका सल्लागाराने त्याला सांगितले, "आर्थिक मदत हवी का, असा प्रश्न अर्जात येईल. तेथे 'नाही' असे लिही. मदत मागणाऱ्याला ते घेत नाहीत." वडील माझ्याकडे आले. मी बँकेत कारकून, तेव्हा कागदपत्रांतले याला कळत असणार, अशी त्यांची भाबडी समजूत. मीही फारसा विचार न करता म्हणालो, "बरोबर आहे. आधी प्रवेश तर मिळू द्या, पैशाचे मग पाहू."

२०१८ च्या मार्चअखेरीस प्रवेशाचे पत्र आले. विहारात पेढे वाटले गेले. मग खर्चाचा तक्ता आला. चार वर्षांचे मिळून दोन कोटी रुपयांच्या घरात! वडील ते पत्र घेऊन माझ्या काउंटरवर आले. एवढ्या कर्जाला तारण काय, तर दोन खोल्यांचे घर. मुलाने महाविद्यालयाला मदतीसाठी पत्र लिहिले. नम्र शब्दांत उत्तर आले : ज्या परदेशी विद्यार्थ्याने प्रवेशअर्जाच्या वेळी मदत मागितली नाही, त्याला पुढे चारही वर्षे ती मागता येत नाही. नियम आधीच छापलेला होता. आम्ही तो वाचला नव्हता.

मुलाने पुढे पुण्याला शिक्षण पूर्ण केले. आज तो आपल्या पायांवर उभा आहे. पण ते प्रवेशपत्र त्याच्या आईने अजून ट्रंकेत जपून ठेवले आहे. मदत मागितली असती तर प्रवेश मिळालाच असता, असे मी म्हणत नाही. पण मिळालेला प्रवेश उपयोगाचा नव्हता, आणि त्या चुकीत माझ्या सल्ल्याचाही वाटा होता. तीच चूक दुसऱ्या घरात होऊ नये म्हणून नंतर जे वाचले, विचारले आणि समजून घेतले, ते येथे मांडतो.

मागणे म्हणजे लाचारी नव्हे

आपल्या लोकांना गरज सांगण्याची लाज वाटते. त्या लाजेमागे पिढ्यान् पिढ्यांचा अपमान आहे, हे मी जाणतो. परंतु या बाबतीत बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावे. १९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. त्यासाठी त्यांनी रीतसर करारनामा लिहून दिला. शिक्षणानंतर बडोदा संस्थानची नोकरी करण्याची अट त्यात होती. पुढे लंडनमध्ये शिकत असताना मुदत संपली, म्हणून १९१७ साली अभ्यास अर्धा टाकून त्यांना परत यावे लागले. मग सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी पैसा साठवला. राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य घेतले, मित्र नवल भथेना यांच्याकडून उसने घेतले आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ साली डी.एस्सी. होऊनच त्यांचे ते शिक्षण पुरे झाले.

ज्या पुरुषाने कोणापुढे मान झुकवली नाही, त्याने शिक्षणासाठी मदत मागितली, अटी वाचून मागितली आणि घेतलेल्या पै-पैचे सोने केले. मदत मागणे हा एक व्यवहार आहे. दोन्ही बाजूंनी खरे बोलले तरच तो नीट होतो.

खर्च, ऐपत आणि गरज

हा लेख मुख्यतः अमेरिकेतील पदवी शिक्षणाविषयी, म्हणजे बारावीनंतरच्या चार वर्षांविषयी आहे. त्याचे कारण साधे आहे. बारावीनंतरच्या परदेशी मुलाला स्वतःच्या तिजोरीतून जवळजवळ पूर्ण खर्च देणारी महाविद्यालये सर्वांत जास्त त्या देशात आहेत.

तेथील नामांकित खाजगी महाविद्यालयांत शिक्षणशुल्क, राहणे, जेवण, पुस्तके, विमा असा एका वर्षाचा खर्च आज ऐंशी हजार डॉलरहून अधिक येतो. रुपयांत सत्तर लाखांच्या वर. हा आकडा वाचून कोणीही हात टेकेल. पण हा झाला छापील दर. प्रत्येक घराकडून तो सगळा घेतला जात नाही. महाविद्यालय प्रत्येक घराचा वेगळा हिशेब करते : एकूण खर्चातून त्या कुटुंबाची ऐपत वजा केली की जी रक्कम उरते, तिला 'गरज' म्हणायचे.

येथे आपला गोंधळ होतो. आपण 'गरजू' म्हणजे दोन वेळच्या अन्नाची भ्रांत असलेला असे समजतो. मग वर्षाला सहा लाख मिळवणारा कारकून किंवा शिक्षक म्हणतो, "आम्ही कसले गरजू? आमच्यापेक्षा गरीब पुष्कळ आहेत." अहो, सहा लाख रुपये म्हणजे सात हजार डॉलरही होत नाहीत! हार्वर्डने मार्च २०२५ मध्ये जाहीर केले की, ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न एक लाख डॉलरपर्यंत आहे आणि मालमत्ता नेहमीइतकीच आहे, त्याच्याकडून शिक्षण, निवास, भोजन यांसाठी काहीही घेतले जाणार नाही. एक लाख डॉलर म्हणजे ऐंशी लाख रुपयांहून अधिक. हार्वर्डमध्ये मदतीचे नियम परदेशी विद्यार्थ्यालाही तेच आहेत. तेव्हा या स्मरणिकेच्या वाचकांपैकी बहुतेक सर्व घरे त्या हिशेबाने गरजू ठरतात. त्यात कमीपणा मानण्यासारखे काही नाही.

दोन प्रकारची महाविद्यालये

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. परदेशी अर्जदाराच्या दृष्टीने पूर्ण गरज भागवणारी महाविद्यालये दोन प्रकारची आहेत.

पहिल्या प्रकारात प्रवेशाचा निर्णय घेताना 'याला मदत लागेल का' हे पाहिलेच जात नाही. याला तिकडे 'नीड-ब्लाइंड' म्हणतात. आपण 'गरज न पाहता प्रवेश' म्हणू. परदेशी मुलांसाठीही हा नियम पाळणारी महाविद्यालये हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी आणि अ‍ॅमहर्स्ट ही त्यांतील जुनी नावे. २०२२ साली डार्टमथ व बोडिन यांनी हे धोरण जाहीर केले. ब्राऊन विद्यापीठाने २०२५ च्या प्रवेशापासून ते लागू केले आणि नोटर डेमने २०२४ साली त्याची घोषणा केली. येथे मदत मागितल्याने प्रवेशाची शक्यता तीळभरही कमी होत नाही. मात्र स्पर्धा अतिशय कठीण आहे. हार्वर्ड किंवा एमआयटीमध्ये शंभर अर्जांतून जेमतेम चार-पाच निवडले जातात, आणि परदेशी अर्जदारांतून त्याहूनही कमी.

दुसऱ्या प्रकारात गरज लक्षात घेतली जाते. त्याला 'नीड-अवेअर' म्हणतात. परदेशी विद्यार्थ्यांच्या मदतीसाठी त्या वर्षी ठरावीक रक्कम असते. तेवढ्यात जितके विद्यार्थी बसतील तितकेच मदतीसह घेतले जातात, पण ज्यांना घेतले त्यांची गरज पूर्ण भागवली जाते. स्टॅनफर्ड, पेन्सिल्व्हेनिया, विल्यम्स, तसेच मुलींसाठीची स्मिथ व माउंट होल्योक ही महाविद्यालये या प्रकारात येतात. आपल्याला जिव्हाळ्याचे असलेले कोलंबिया विद्यापीठही परदेशी मुलांच्या पदवी प्रवेशाबाबत याच प्रकारात आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

म्हणजे त्या सल्लागाराचे म्हणणे सर्वस्वी खोटे नव्हते. दुसऱ्या प्रकारच्या महाविद्यालयात मदत मागितल्याने स्पर्धा अवघड होते, हे खरेच आहे. पण त्यावर 'मदत नको' असे लिहिणे हा उपाय नव्हे. तसे लिहून मिळणारा प्रवेश आपल्याला परवडतच नाही. गाडीचे तिकीट मिळाले, पण स्टेशनपर्यंत जायला पैसे नाहीत, अशी गत होते.

याखेरीज अनेक प्रसिद्ध सरकारी विद्यापीठे आहेत. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे नाव जगभर आहे, पण परदेशी मुलाला पदवीसाठी गरजेवर आधारित मदत तेथे जवळजवळ मिळत नाही. नाव मोठे म्हणून अर्ज करायचा आणि अर्जाची फी घालवायची, यात शहाणपण नाही. अर्जाआधी प्रत्येक महाविद्यालयाला तीन प्रश्न विचारावेत. परदेशी विद्यार्थ्याला गरजेनुसार मदत देता का? प्रवेश मिळालेल्याची पूर्ण गरज भागवता का? अर्जाच्या वेळी मदत मागितली नाही तर नंतर मागता येते का? उत्तरे लेखी घ्यावीत. इ-मेलने विचारले तर महाविद्यालये उत्तर देतात.

एका निराळ्या महाविद्यालयाचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. केंटकी राज्यातील बेरिया महाविद्यालय गुलामगिरीच्या विरोधात उभ्या राहिलेल्या जॉन फी या धर्मोपदेशकाने १८५५ साली सुरू केलेल्या शाळेतून वाढले. काळी आणि गोरी मुले तेथे एका बाकावर बसत. १९०४ साली राज्याने कायदा करून ते बंद पाडले. १९५० साली तो कायदा सैल झाल्यावर बेरियाने कृष्णवर्णीयांना पुन्हा दारे उघडली. हे महाविद्यालय कोणाकडूनही शिक्षणशुल्क घेत नाही, आणि प्रत्येक विद्यार्थ्याला आठवड्यातून किमान दहा तास काम करावे लागते. परदेशी मुले थोडीच घेतली जातात, पण घेतात ती गरजू घरांतलीच.

अर्ज म्हणजे नेमके काय

बहुतेक खाजगी महाविद्यालयांसाठी 'कॉमन अ‍ॅप्लिकेशन' हा एकच अर्ज चालतो. त्यातून वीसपर्यंत महाविद्यालयांकडे अर्ज करता येतो. नववी ते बारावीच्या गुणपत्रिका, शाळेचा अहवाल, दोन शिक्षकांची शिफारसपत्रे, साडेसहाशे शब्दांपर्यंतचा एक निबंध, आणि मुलाने शाळेबाहेर काय केले त्याची यादी, एवढे त्यात लागते. पुष्कळ महाविद्यालये सॅट ही परीक्षा पुन्हा सक्तीची करू लागली आहेत. हार्वर्ड, एमआयटी, डार्टमथ, ब्राऊन ही त्यांतील काही. ही परीक्षा आता संगणकावर होते. मराठी किंवा अर्धमराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजीची परीक्षाही बहुधा द्यावी लागते. टोफेल, आयईएलटीएस किंवा घरबसल्या देता येणारी, तुलनेने स्वस्त असलेली ड्युओलिंगो, यांपैकी कोणती चालते ते त्या त्या महाविद्यालयाकडे पाहावे.

मदतीचा अर्ज वेगळा असतो. अमेरिकी मुलांचा 'फाफ्सा' हा सरकारी अर्ज आपल्यासाठी नाही. आपल्याला बहुतेक ठिकाणी 'सीएसएस प्रोफाइल' भरावे लागते. ते घरचे उत्पन्न, बचत, घर, शेती, कर्जे, घरातील माणसांची संख्या, असे सर्व विचारते. त्याला पहिल्या महाविद्यालयासाठी पंचवीस आणि पुढच्या प्रत्येकासाठी सोळा डॉलर फी आहे. पण फी परवडत नसेल तर महाविद्यालयाला लिहून माफी मागता येते. काही ठिकाणी त्याऐवजी कागदावरचा विनामूल्य फॉर्मही चालतो. प्रवेशअर्जाच्या फीचेही तसेच आहे. चार ओळींची विनंती लिहायची लाज वाटून घेऊ नये. माफी मागितल्याने अर्जाकडे वाईट नजरेने पाहिले जात नाही.

कागदपत्रे : येथे खरी कसोटी

बँकेच्या नोकरीत रोज पाहतो ते सांगतो. आपल्या घरांत एकाच मिळकतीचे तीन आकडे असतात. शाळेच्या सवलतीसाठी तहसील कार्यालयातून काढलेला उत्पन्नाचा दाखला एक सांगतो. फॉर्म नंबर सोळा दुसरे सांगतो. आणि कर्जाच्या अर्जात लिहिलेला आकडा तिसराच असतो. येथे ते खपून जाते. तेथील अधिकारी मात्र फॉर्म सोळा, पासबुक आणि दाखला शेजारी ठेवून वाचतात. आकडे जुळले नाहीत की ते मुलाकडे खुलासा मागतात, आणि खुलासा पटला नाही तर सगळ्या अर्जावरचाच विश्वास उडतो. म्हणून अकरावीतच वडिलांच्या व आईच्या कागदांचा एक हिशेब जुळवून ठेवावा. दाखल्यावर खरे उत्पन्न येऊ द्या.

पगारदाराने फॉर्म सोळा, आयकर विवरण आणि पगारपत्रके द्यावीत. आयकर भरण्याइतके उत्पन्न नसेल तर तसे लिहून द्यावे. शेती असेल तर सातबारा आणि पिकाचा अंदाज द्यावा. शेतमजुरी, घरकाम, भाजीचा धंदा, रिक्षा यांची पावती नसते. तेथे महिन्याचे सरासरी उत्पन्न कसे काढले हे साध्या शब्दांत लिहावे. सर्व कागदांचे इंग्रजी भाषांतर जोडावे. अर्जात 'विशेष परिस्थिती' लिहायला जागा असते. आजोबांच्या औषधांचा खर्च, बहिणीच्या लग्नाचे कर्ज, बंद पडलेली गिरणी, दुष्काळ, हे तेथे आकड्यांसह लिहावे. नुसते 'आम्ही फार गरीब आहोत' असे लिहून काही साधत नाही. 'सोसायटीचे अमुक रुपये कर्ज, हप्ता अमुक, अजून चार वर्षे बाकी' असे लिहिले की तेथील अधिकाऱ्याला घर दिसते.

जातीचा दाखला तेथे मागत नाहीत, कारण आपल्यासारखे आरक्षण तेथे नाही. पण जातीमुळे जे सोसले आणि त्यातून जे उभे केले, ते निबंधात लिहायला कोणाची मनाई नाही. तिकडे या प्रश्नाची जाणही वाढली आहे. ब्रँडाइस विद्यापीठाने २०१९ साली आणि ब्राऊन विद्यापीठाने २०२२ साली भेदभावविरोधी नियमांत जातीचा स्पष्ट समावेश केला.

निबंध आणि शिक्षकांची पत्रे

निबंधात आपली मुले दोन चुका करतात. एक तर ती वक्तृत्वस्पर्धेचे भाषण लिहितात, नाहीतर दुःखाची यादी करतात. घरच्या अडचणींसाठी मदतीच्या अर्जात जागा आहे. निबंधात मुलगा कसा विचार करतो हे दिसले पाहिजे. विहाराच्या अभ्यासिकेत लहान मुलांना बेरीज शिकवताना काय अडले आणि ते कसे सोडवले, एवढा एक प्रसंगही पुरतो. निबंध दुसऱ्याकडून लिहून घेऊ नये. ते ओळखू येते, आणि शिवाय पंचशीलाच्या चौथ्या शीलाला ते धरून नाही.

शिफारसपत्राची आपल्या कनिष्ठ महाविद्यालयांत सवय नाही. प्राध्यापक "याची वर्तणूक चांगली आहे" एवढे लिहून सही-शिक्का देतात. त्यांचा त्यात दोष नाही, त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. मुलाने ऑगस्टमध्येच सरांना भेटून, कोणत्या तासाला काय विचारले होते, कोणता प्रयोग केला होता, याची आठवण करून द्यावी. सरांना मराठीत लिहिणे सोपे जात असेल तर मराठीत लिहून घ्यावे आणि त्याचे भाषांतर जोडता येईल का, हे महाविद्यालयाला विचारावे.

वेळेचे गणित

कॉमन अ‍ॅप्लिकेशन १ ऑगस्टला उघडते. लवकरच्या अर्जाची मुदत बहुतेक ठिकाणी १ नोव्हेंबर, आणि नेहमीच्या अर्जाची जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. निकाल मार्चअखेर आणि उत्तर १ मेपर्यंत. आपली बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये येते. म्हणजे सॅट आणि इंग्रजीची परीक्षा अकरावीच्या उन्हाळ्यात किंवा बारावीच्या पावसाळ्यात उरकली नाही, तर दोन्ही दगडांवर पाय अशी अवस्था होते. लवकरच्या अर्जाचा एक प्रकार बंधनकारक असतो, म्हणजे प्रवेश मिळाला तर तेथेच जावे लागते. मिळालेली मदत खरोखर अपुरी असेल तर त्यातून सुटका मिळते, पण तो अर्ज करण्याआधी अटी दोनदा वाचाव्यात.

मदतीचे पत्र आले की त्याचे तीन भाग पाडून वाचावेत. परत न करायचे अनुदान किती, विद्यार्थ्याने काम करून मिळवायचे किती, आणि कर्ज किती. विमानाचे भाडे, आरोग्य विमा, थंडीचे कपडे यांची सोय त्यात आहे का, ते विचारावे. रक्कम कमी वाटली तर फेरविचाराची विनंती करता येते. उरलेल्या रकमेसाठी बँकेचे कर्ज असते, पण साडेसात लाखांच्या वर बँका साधारणपणे तारण मागतात, हे लक्षात ठेवावे. काही बँका नामांकित विद्यापीठांसाठी विनातारण मोठे कर्ज देतात, मात्र हप्ता कोणालाच चुकत नाही.

व्हिसासाठी महाविद्यालयाचे आय-२० हे पत्र आणि मदतीचे पत्र लागते. व्हिसाची अर्जफी १८५ डॉलर आणि 'सेविस'ची ३५० डॉलर मिळून चाळीस हजार रुपयांच्या वर जातात. ते आधीपासून बाजूला ठेवावेत. २०२५ च्या मे-जूनमध्ये विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखतींच्या तारखा काही आठवडे थांबवल्या होत्या. पुन्हा सुरू करताना अर्जदाराने समाजमाध्यमांवरील आपली खाती सर्वांना पाहता येतील अशी ठेवावीत, अशी अट घातली गेली. नियम असे अचानक बदलतात. म्हणून येथील एका चांगल्या महाविद्यालयाचा प्रवेश हातात ठेवूनच ही वाट धरावी.

ही वाट नाही जमली तर

नाही जमली तर खचून जायचे कारण नाही. पदवी येथे घेऊन पुढच्या शिक्षणासाठी बाहेर जाण्याचा मार्ग आपल्या मुलांना अधिक मोकळा आहे. राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. तिच्या दरवर्षी ७५ जागा असतात. केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून चालू आहे. तिच्या १२५ जागांपैकी ११५ अनुसूचित जातींसाठी आहेत. १९९० च्या दुरुस्तीपासून बौद्धांनाही केंद्राच्या या सवलती लागू आहेत. या दोन्ही शिष्यवृत्त्या पदव्युत्तर पदवी आणि पीएच.डी.साठी आहेत, बारावीनंतरच्या पदवीसाठी नाहीत, हे नीट ध्यानात घ्यावे. उत्पन्नाची मर्यादा, वय, विद्यापीठाचा जागतिक क्रमांक या अटी त्या वर्षीच्या जाहिरातीतूनच वाचाव्यात.

दहावीच्या मुलांसाठीही एक दार आहे. पुण्याजवळ मुळशी तालुक्यात १९९७ साली सुरू झालेले महिंद्र युनायटेड वर्ल्ड कॉलेज अकरावी-बारावीच्या पातळीवरचे शिक्षण देते आणि घरची परिस्थिती पाहून साहाय्यही करते. अशा महाविद्यालयांतून बाहेर पडलेल्या मुलांना अमेरिकेतील अनेक महाविद्यालयांत 'डेव्हिस' योजनेची मदत मिळू शकते. मोफत आणि निःपक्ष माहितीसाठी मुंबईत 'एज्युकेशन यूएसए'चे केंद्र आहे. सल्लागाराला हजारो रुपये देण्याआधी तेथे जावे.

आपली संस्था काय करू शकते

एका सॅट परीक्षेचीच फी दहा हजार रुपयांच्या आसपास जाते. बहुतेक घरे या पहिल्या पायरीवरच थांबतात. आपण वर्षावासाच्या समारोपाला जे दान गोळा करतो, त्यातील थोडा भाग दरवर्षी दोन विद्यार्थ्यांच्या परीक्षा-फीसाठी ठेवता येईल. समाजातील इंग्रजीच्या शिक्षकांनी दाखल्यांची भाषांतरे करून द्यावीत. आमच्यासारख्या बँकेतील व कचेरीतील मंडळींनी महिन्यातून एका रविवारी विहारात बसून पालकांचे कागद जुळवून द्यावेत. मी स्वतः त्यासाठी नाव नोंदवले आहे.

पालकांना शेवटी एकच विनंती. अर्जात 'आपल्याला आर्थिक मदत हवी आहे का' हा प्रश्न आला की पोरांकडे पाहून संकोच करू नका. तेथे 'होय' असे लिहा, खरे आकडे लिहा आणि जे महाविद्यालय त्या आकड्यांसह आपल्या लेकराला घेईल, तेथेच त्याला पाठवा. त्या फिटरच्या मुलाची धाकटी बहीण यंदा अकरावीत गेली आहे. तिच्या कागदांची फाइल आम्ही आत्तापासून लावायला घेतली आहे, आणि या वेळी पहिल्या पानावर वडिलांचा खरा फॉर्म सोळा आहे.

जयभीम!